तुम्ही विचारलंत म्हणून: चादरीमागचा माणूस

चित्रपट रसास्वाद शिबिरात मी बरीच वर्षं शिकवते आहे. यादीत 'पथेर पांचाली' असतो, 'बायसिकल थीव्ह्ज' असतो, आणि तिसऱ्या रात्री जॉन कार्पेंटरचा 'हॅलोवीन' असतो. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या रांगेत मला कुणीतरी गाठतंच. यंदा एका निवृत्त गुरुजींनी गाठलं. "ताई, मुखवटा घातलेला एक माणूस सुरा घेऊन पोरींच्या मागे लागतो. हा सिनेमा सत्यजित रायांच्या पंक्तीला बसवायचा?"

हो, बसवायचा. चहाच्या रांगेत उभ्याउभ्या हे सांगून होत नाही, म्हणून इथे लिहिते.

सगळ्याच स्लॅशर सिनेमांची बाजू मी घेत नाही. चेहरा झाकलेला खुनी, धारदार हत्यार, एकामागून एक मरणारी तरुण मुलं, शेवटी उरणारी एक मुलगी, हा साचा 'हॅलोवीन'च्या यशानंतर सर्रास वापरला गेला आणि त्यातलं पुष्कळसं मला बघवत नाही. १९८० चा 'फ्रायडे द थर्टीन्थ' मी शिबिरात कधी लावला नाही, लावणारही नाही. तिथे पुढचा कसा मरणार एवढंच कुतूहल उरतं. भरतमुनींनी भयानक आणि बीभत्स हे दोन रस वेगळे मोजले, एकाचा स्थायिभाव भय, दुसऱ्याचा जुगुप्सा. नकला करणाऱ्यांनी बीभत्स उचलला. 'हॅलोवीन'मध्ये रक्त फारसं दिसतच नाही.

सिनेमा १९७८ चा. खर्च तीन लाख डॉलरच्या आसपास, शूटिंग जेमतेम तीन आठवड्यांचं. गोष्ट घडते इलिनॉयमधल्या हॅडनफिल्ड या काल्पनिक गावात, ऑक्टोबरच्या अखेरीस. शूटिंग मात्र झालं कॅलिफोर्नियात, वसंत ऋतूत. म्हणून पानगळीची पानं रंगवून आणली होती. शॉट झाला की ती गोळा करायची आणि पुढच्या शॉटला पुन्हा पसरायची. खुन्याचा मुखवटाही दुकानातून आणलेला, दोन डॉलरच्या आतला, 'स्टार ट्रेक'मधल्या कॅप्टन कर्कचा. डोळ्यांची भोकं मोठी केली, वर पांढरा रंग दिला. त्या चेहऱ्यावर राग नाही, आनंद नाही, काहीच नाही.

आता फ्रेमकडे बघा. कार्पेंटर आणि छायाचित्रकार डीन कंडी रुंद पडद्यावर माणसाला एका बाजूला उभं करतात आणि उरलेली जागा मोकळी सोडतात. लॉरी नावाची शाळकरी मुलगी दुपारच्या लख्ख उन्हात आपल्या खोलीच्या खिडकीतून बाहेर बघते. खाली अंगणात दोरीवर कपडे वाळताहेत. त्यांच्यामध्ये तो उभा आहे, पांढऱ्या चेहऱ्याचा, वर बघत. पुन्हा बघते तर फक्त कपडे हलताहेत. बस, एवढंच. सुरा नाही, किंकाळी नाही. त्यानंतर तासभर आपण प्रत्येक झुडूप, प्रत्येक अंधारं दार शोधत राहतो. दिग्दर्शकाने बोट न दाखवता आपल्याला कामाला लावलेलं असतं.

मी हा सिनेमा पहिल्यांदा बघितला तो मैत्रिणीकडे, व्हीसीआरवर, भरदुपारी. घरी आले तर आईने गच्चीवरचे कपडे काढून आणायला पाठवलं. दोरीवर दोन डबल बेडच्या चादरी होत्या. मी जिन्याच्या दारातच थांबले आणि खाली वाकून चादरींखालची जमीन बघितली, पाय दिसतात का ते. ज्या गच्चीवर लहानाची मोठी झाले ती मी त्या दिवशी इंच इंच बघितली. थोर सिनेमाकडून माझी पहिली मागणी हीच असते, त्याने माझी नजर बदलावी. 'पथेर पांचाली'ने पावसाकडे बघायला शिकवलं, तसं याने रिकाम्या जागेकडे.

एका आक्षेपाला मात्र माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. प्रेमात रमणाऱ्या मुली मरतात आणि अभ्यासू, एकटी लॉरी वाचते, हे मला बाई म्हणून खुपतं, आजही. सहलेखिका आणि निर्माती डेब्रा हिलने मुलींचे संवाद लिहिले, त्यामुळे लॉरी आणि तिच्या दोन मैत्रिणी रस्त्याने बोलत जातात तेव्हा खऱ्या मैत्रिणी वाटतात, आणि म्हणूनच त्या दोघींचं मरण लागतं. कॅरल क्लोव्हर या अमेरिकन अभ्यासिकेने १९८७ मध्ये शेवटी उरणाऱ्या मुलीला 'फायनल गर्ल' हे नाव दिलं आणि दाखवून दिलं की थिएटरातले तरुण मुलगेसुद्धा अखेरीस तिच्याच नजरेने बघू लागतात. हे मला पटतं. खुपणं त्याने जात नाही.

गुरुजींना मी उलट विचारलं, हिचकॉकचा 'सायको' चालतो ना तुम्हाला? "तो क्लासिक आहे," ते म्हणाले. त्यातही सुराच आहे, आणि न्हाणीघरात मरणारी बाईच आहे. ती भूमिका करणाऱ्या जॅनेट लीचीच मुलगी, जेमी ली कर्टिस, इथे लॉरी झाली आहे. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत 'सायको' १९९२ मध्ये गेला, 'हॅलोवीन' २००६ मध्ये.

संगीत कार्पेंटरचंच. त्याने आधी संगीताविना सिनेमा एका मोठ्या स्टुडिओतल्या बाईंना दाखवला, तेव्हा त्यांना जराही भीती वाटली नव्हती. मग त्याने वडिलांनी लहानपणी बोंगोवर शिकवलेला पाच मात्रांचा ठेका पियानोवर घेतला. कान चौथ्या मात्रेवर टेकू बघतो आणि पाचवी त्याला पुढे ढकलते.

गुरुजींसाठी दुपारच्या सत्रात मी शेवटचा मिनिट आवाज बंद करून लावला. गोळ्या खाऊन खाली पडलेला खुनी हिरवळीवरून नाहीसा झालाय. मग एकेक रिकामी जागा दिसते, बैठकीची खोली, जिना, रात्रीची घरं. मग तेच आवाजासकट लावलं. तो ठेका, आणि त्यावर मुखवट्याआडून येणारा श्वास, प्रत्येक रिकाम्या खोलीत.

दिवे लागले. गुरुजी चष्मा पुसत म्हणाले, "तो जिना परत एकदा लावा."