नको म्हटलं की नकोच

जर्मनीतल्या स्टुटगार्टला येऊन आम्हाला जेमतेम महिना झाला होता. नवऱ्याच्या ऑफिसमधल्या एका सहकाऱ्याने घरी जेवायला बोलावलं. आम्ही अंडं खातो, पण मांस-मासे नाही, म्हणून त्याच्या बायकोने मुद्दाम केझ-श्पेट्झले केले होते. श्पेट्झले म्हणजे अंडं आणि मैद्याचं सैलसर पीठ आपल्या सोऱ्यासारख्या यंत्रातून थेट उकळत्या पाण्यात पाडायचं, वर तरंगायला लागलं की झाऱ्याने काढायचं आणि गरम असतानाच किसलेलं चीज घालून कालवायचं. वरून खरपूस तळलेला कांदा. त्या कांद्याचा वास दारातच आला आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला कडकडून भूक लागली.

पहिलं वाढून झालं, गप्पा रंगल्या, ताट रिकामं झालं. त्याने भांडं उचलून विचारलं, "अजून घेणार?" मी सांगलीत वाढलेली. पहिल्या विचारण्याला मी जे म्हणायचं तेच म्हटलं, "नको नको, भरपूर झालं." तो "बरं" म्हणाला आणि भांडं नवऱ्याकडे वळवलं. नवऱ्याला खरंच हवं होतं. तो हसून "डांके" म्हणाला, म्हणजे "आभारी आहे, वाढा". पण जर्मनमध्ये कुणी काही देऊ केल्यावर नुसतं "डांके" म्हटलं तर त्याचा अर्थ "नको, आभारी आहे" असा होतो. हवं असेल तर "बिट्टे" किंवा "या, गेर्न" म्हणावं लागतं. भांडं स्वयंपाकघरात गेलं ते गेलंच. त्या रात्री दहा वाजता घरी येऊन मी मुगाच्या खिचडीचा कुकर लावला आणि शिट्टीची वाट बघत असताना मला फार वाईट वाटलं. मला वाटलं, या लोकांना आपण यायला नको होतो.

आता सात वर्षांनी कळतं की त्या माणसाने आमचा पूर्ण मान राखला होता. त्याने विचारलं, मी उत्तर दिलं, त्याने माझ्या शब्दावर विश्वास ठेवला. मोठ्या बाईने "नको" म्हटल्यावर पुन्हा विचारणं म्हणजे तिला स्वतःच्या पोटाचं कळत नाही असं म्हणण्यासारखं, असं इथे समजतात. आपल्याकडे पहिलं "नको" ही रीत असते, दुसऱ्यात थोडी इच्छा असते, आणि तिसऱ्याला ताटावर हात आडवा धरला तरी वाढणारी बोटांच्या फटीतून जिलेबी सोडते. दोन्हीकडे माया आहे. पण एकीकडची माया दुसरीकडे पोचत नाही, हे मी माझ्या घरातच बघितलं.

आई पहिल्यांदा इकडे आली ती पाडव्याच्या आधी. आमच्या मजल्यावर एक आजी एकट्या राहतात, वय ऐंशीच्या पुढे. जिन्यात भेटल्या की माझ्या मुलीच्या हातात काहीतरी ठेवतातच. आई म्हणाली, सणाला त्यांना बोलव. भारतीय दुकानातून हरभऱ्याची डाळ आणली, गूळ आईने सांगलीहूनच आणला होता. पुरणपोळी, कटाची आमटी, बटाट्याची भाजी, भजी. आजी ठरलेल्या वेळेला, एक मिनिट इकडेतिकडे न करता, ट्युलिप घेऊन हजर.

आईने पोळी वाढली, वर तुपाची धार सोडली. आजींनी काट्याने एकेक तुकडा करत सगळी खाल्ली, ताटातलं तूपसुद्धा शेवटच्या तुकड्याने पुसून घेतलं. रिकामं ताट बघून आईचा चेहरा असा फुलला की बस्स. दुसरी पोळी. तीही संपली. तिसऱ्या वेळी आजी "डांके" म्हणाल्या. आईला जर्मन येत नाही, तिने हसून अर्धी वाढली. आजींनी ती खाल्ली आणि काटा-चमचा एकमेकांना चिकटून, दांडे उजवीकडे करून ताटात ठेवले. युरोपात याचा अर्थ एकच, माझं जेवण झालं, ताट उचलायला हरकत नाही. आईने काय करावं? ते दोन्ही अलगद उचलून बाजूला ठेवले, पोळीला जागा केली आणि राहिलेली अर्धी वाढली.

तेव्हा आजी माझ्याकडे झुकून हळूच म्हणाल्या, "तुझ्या आईला वाईट वाटू नये म्हणून खातेय, पण आता खरंच जागा नाही." मी म्हटलं, "मग ठेवा ना ताटात, काही बिघडत नाही." त्यावर त्यांनी जे सांगितलं ते मी विसरणार नाही. युद्धानंतर 1946-47 च्या हिवाळ्यात जर्मनीत अन्नाचे हाल झाले होते. त्या वेळी त्या पाच-सहा वर्षांच्या होत्या. त्यांच्या आईने शिकवलं होतं, ताटात आलेलं टाकायचं नाही. म्हणजे ताट रिकामं दिसलं की आई वाढत होती, आणि आईने वाढलं म्हणून आजी ताट रिकामं करत होत्या.

आईला समजावून सांगितलं तेव्हा ती आधी गप्प झाली. मग म्हणाली, "अगं, रिकाम्या ताटावरून माणूस उठवायचा तरी कसा?" तिचंही खरंच होतं. शेवटी तिने आजींना ताटावर दोन्ही पंजे पसरून ओणवं कसं व्हायचं ते करून दाखवलं. आजींनी लगेच तसं केलं. त्या दुपारी आमच्या घरात दोघीही मनापासून हसल्या, मध्ये दुभाषी लागली नाही.

इकडे येणाऱ्यांना, विशेषतः मुलांकडे राहायला येणाऱ्या आई-वडिलांना, मी हेच आधी सांगते. हवं असेल तर पहिल्यांदाच हो म्हणा. आणि सांगावंही लागतं, कारण न विचारता इथे पाणीसुद्धा येत नाही. आपल्याकडे दारात माणूस आला की आधी तांब्या पुढे होतो. इथे यजमान विचारतात, काय पिणार? हॉटेलात पाणी मागवावं लागतं आणि त्याचे पैसे पडतात. नुसतं "पाणी" म्हटलं तर बहुतेक वेळा बुडबुड्यांचंच येतं. साधं हवं असेल तर "श्टिलेस वासर" म्हणा. नळाचं पाणी मागितलं तर देतीलच असं नाही. पण घरी मात्र नळाचं पाणी बिनधास्त प्या. स्टुटगार्टला बोडेन सरोवराचं पाणी 1958 पासून नळाने येतं आहे. बाबा आले तेव्हा आठवडाभर उकळून पीत होते.

बाबांना त्याहून मोठा धक्का संध्याकाळच्या जेवणाचा. एका कुटुंबाने आम्हाला "आबेंटब्रोट"ला बोलावलं. शब्दाचा अर्थच संध्याकाळचा पाव. टेबलावर प्रत्येकापुढे एक लाकडी फळी, मधे कापलेला काळपट पाव, लोणी, तीन प्रकारचं चीज, काकडीचं आंबट लोणचं, टोमॅटो, मुळ्याच्या चकत्या. चूल पेटलेलीच नाही. बाबा मला मराठीत म्हणाले, "गरम नंतर येणार असेल." नंतर काही आलं नाही. पूर्वीपासून इथे गरम जेवण दुपारी, शाळेतून आलं की घरी किंवा कारखान्याच्या कँटीनमध्ये, आणि रात्री पाव अशी पद्धत. आता सगळ्या घरांत असं राहिलेलं नाही, पण आमच्या ओळखीत तरी अजून बरीच घरं ती पाळतात. त्या पावाला कमी लेखू नका. जर्मन बेकरांच्या नोंदवहीत पावाचे तीन हजारांवर प्रकार आहेत. राय नावाच्या धान्याचा (मोहरीचा नव्हे) आंबवलेला पाव पहिल्यांदा खाताना मला तो कडवट आणि जड वाटला. आता सांगलीला गेले की आठ दिवसांनी त्याचीच आठवण येते. तीन दिवसांच्या शिळ्या भाकरीला जसा तव्यावर वेगळाच खमंगपणा येतो, तसा तो दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त चांगला लागतो.

शाकाहारी मंडळींसाठी थोडं सविस्तर, कारण यात माझी दोनदा फसगत झाली आहे. इथे प्रश्नाचं उत्तर चोख मिळतं, पण विचाराल तेवढ्याचंच. "यात मांस आहे का?" असं विचारलं आणि "नाही" आलं, तर मांसाचे तुकडे नाहीत इतकंच कळलं. या भागातलं, म्हणजे श्वाबेन प्रांताचं बटाट्याचं सॅलड मेयोनेझ न घालता गरम रश्शात मुरवतात, आणि तो रस्सा बहुतेक वेळा मांसाचा असतो. मसूर आणि श्पेट्झले हे इथलं घरगुती जेवण. वर व्हिनेगर शिंपडतात, त्यामुळे आंबट आमटीची आठवण होते. सॉसेज बाजूला ठेवायला सांगितलं तरी मसुरात डुकराच्या चरबीचे बारीक तुकडे शिजवलेले असू शकतात. ब्रेत्सेल, म्हणजे गाठ मारल्यासारखा वळलेला खारट पाव, तर सगळेच खातात, पण काही बेकऱ्या पिठात तीच चरबी घालतात. मुलांच्या चघळायच्या गोळ्यांत बहुतेकदा जिलेटिन, तेही प्राण्यांच्या हाडा-कातड्याचं. म्हणून "मांस आहे का" असं न विचारता सरळ सांगा, मी शाकाहारी आहे, रस्सा आणि चरबीसुद्धा चालत नाही. इतकं सांगितलं की वाढणारी व्यक्ती आत जाऊन विचारून येते आणि मग जे सांगते त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवावा.

आणि मोदकासारखं, करंजीसारखं काही दिसलं म्हणून उचलू नका. माल्टाशन नावाची पाकिटं असतात, आत खिमा आणि पालक. गोष्ट अशी सांगतात की जवळच्या माउलब्रोन मठातल्या साधूंनी उपासाच्या काळात मांस पिठात लपवलं, देवाला दिसू नये म्हणून. गावठी बोलीत त्यांना देवाला फसवणारे असंच काहीसं नाव आहे. आता शाकाहारी माल्टाशनही मिळतात, रश्शाऐवजी लोण्यावर परतून मागवावेत.

पिण्याबद्दल घरचे लोक दबक्या आवाजात विचारतात, म्हणून लिहिते. बिअर आणि वाइन इथे सोळाव्या वर्षापासून कायद्याने घेता येते, आणि जेवणाच्या टेबलावर आजोबांपासून नातवापर्यंत सगळे एकत्र बसलेले दिसतात. तुम्ही पीत नसाल तर कुणीही का म्हणून विचारत नाही. सात वर्षांत एकदाही "एक घोट तरी" असा आग्रह मला झालेला नाही, आणि हे मला आपल्या काही लग्नांपेक्षा फार बरं वाटतं. सफरचंदाचा रस आणि सोडा घातलेलं "आप्फेलशोर्ले" मागवा. फक्त ग्लास भिडवताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं. एकेकाच्या डोळ्यांत, सगळ्यांच्या. नजर चुकवली तर वाईट दिसतं.

बिलाच्या वेळी "एकत्र की वेगवेगळं?" असा प्रश्न येतो. मित्र असले तरी बहुतेकदा वेगवेगळंच. पाकीट काढून झटापट करू नका, समोरचा गोंधळतो. टीप टेबलावर ठेवून न जाता, पैसे देतानाच एकूण आकडा सांगतात. सत्तावीस युरो झाले तर "तीस".

हे लिहिते आहे तेव्हा बाजारातले श्पार्गेलचे, म्हणजे अ‍ॅस्परॅगसचे, शेवटचे ढीग लागले आहेत. जमिनीखाली, मातीच्या वरंब्यात वाढवलेला हा पांढरा कोंब, उकडून लोण्याबरोबर आणि नव्या बटाट्याबरोबर खातात. एप्रिलपासून रस्त्याकडेला लाकडी टपऱ्या उभ्या राहतात आणि लोक हापूसच्या पेटीसारखी किंमत विचारत, वास घेत, टोकं दाबून बघत घेतात. 24 जूनला, सेंट जॉनच्या दिवशी, तोडणी बंद. त्यानंतर कोंब वर येऊ देतात, पाला वाढतो, मुळांत पुढच्या वर्षीची ताकद साठते. गिऱ्हाईक कितीही मागो, शेतकरी पंचविसाला सहसा तोडणीला जात नाही. शेजारच्या आजी दरवर्षी शेवटची जुडी माझ्यासाठी घेतात आणि कशी सोलायची ते दरवर्षी नव्याने सांगतात.

गेल्या डिसेंबरात आम्ही सांगलीला होतो. मुलगी आता सहा वर्षांची, जर्मनीतच जन्मलेली. दुपारी पंगत बसली होती, आई वाढत होती. मुलीने चपाती संपवली. आईने दुसरी पुढे केली. मुलगी म्हणाली, "नको आजी." आईचा हात सवयीने पुढे आला आणि चपाती ताटात पडली. मुलीचे डोळे भरले. ती ओरडली नाही, फक्त म्हणाली, "मी नको म्हटलं होतं ना."

मावशी म्हणाली, "अगं, खा गं, आजी प्रेमाने देते." मी काही बोलणार इतक्यात आई खाली वाकली. तिने ती चपाती उचलून स्वतःसाठी काढून ठेवलेल्या ताटात टाकली. मग तुपाची वाटी हातात घेऊन जरा थांबली आणि नातीला विचारलं, "भातावर तूप वाढू?"

"हो," मुलगी म्हणाली. आईने वाढलं, आणि दुसऱ्या चमच्याला पुन्हा विचारलं.