फोटो बघून मी ‘व्हेनिनी’ का म्हणत नाही

“झुंबराचा नुसता फोटो बघ आणि खरं व्हेनिनी आहे का, एवढंच सांग.” व्हेनिनी म्हणजे व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावरचा नावाजलेला काचकारखाना. पुण्याहून, न्यू जर्सीहून, कुठून ना कुठून हा निरोप येतोच. “असं सांगता येत नाही” म्हटलं की लोकांना वाटतं मी भाव खाते, किंवा मला पैसे हवेत. इटलीतल्या वेनेतो प्रांतात राहून जुने इटालियन दिवे दुरुस्त करणं हेच माझं काम आहे आणि त्याबद्दल बोलायला मला मनापासून आवडतं. म्हणून एकदा सविस्तर सांगते.

फुलदाणीच्या बुडाशी आम्लाने उठवलेली ‘व्हेनिनी मुरानो इटालिया’ ही मोहोर सापडू शकते. झुंबराच्या एकेका लोलकावर मोहोर कोण उठवत बसणार? सांगाड्याला कागदी लेबल लावायचे, ते उष्णतेने आणि पुसापुशीत गळून जातं. टिकलंच, तर काढून दुसऱ्या सांगाड्यावर चिकटवायला काही लागत नाही. ‘वेत्रो आर्तिस्तिको मुरानो’ हे मुरानोच्या काचेचं अधिकृत चिन्ह दाखवून दिवा १९५५चा आहे असं सांगणारेही भेटतात. त्या चिन्हामागचा कायदाच १९९४चा आहे.

व्हेनिसलगतच्या मेस्त्रेतल्या एका आजोबांकडे त्रिएद्री लोलकांचं झुंबर होतं. तीन धारांचे लांब, भरीव लोलक, पांढऱ्या रंगाचा लोखंडी सांगाडा, त्यावर व्हेनिनीचं लेबल. वडील मुरानोला भट्टीवर कामाला होते, त्यांनीच ते घरी आणलं, असं आजोबा सांगत. ते खोटं बोलत होते असं मला तेव्हा वाटलं नाही, आजही वाटत नाही. पत्नीच्या आजारपणासाठी झुंबर लिलावात द्यायचं होतं आणि त्यासाठी माझ्या सहीचा कागद हवा होता.

सगळे लोलक उतरवून मी ब्लँकेटवर मांडले. वरच्या टोकाला काचेचाच आकडा असतो. वर्षानुवर्षं लोखंडावर टांगून त्याच्या आतल्या बाजूला मंद, खरखरीत घासण उमटते. बहुतेकांना ती होती. एका ओळीतल्या लोलकांना मात्र अजिबात नव्हती, आणि त्यांच्या काचेत किंचित हिरवी झाक होती. मग लेबल पाहिलं. एक कोपरा सुटलेला होता, त्याच्या खालचा रंग आजूबाजूच्या रंगाइतकाच पिवळा पडलेला. लेबल पहिल्यापासून तिथे असतं, तर तेवढा तुकडा पांढरा राहिला असता. अतिनील दिव्याखाली गोंदही चमकला, म्हणजे तोही नंतरचा असावा.

मी लिहिलं : ‘मुरानोची काच, १९६०च्या आसपासची. निर्माता अनिश्चित. काही लोलक नंतरचे.’ आजोबांनी कागद वाचला, घडी घातली आणि म्हणाले, “माझ्या वडिलांना तुम्ही खोटं ठरवलंत.” तसं मी कुठेच लिहिलं नव्हतं. वडिलांनी ती काच स्वतः ओढली असेल. कुठल्या भट्टीत, तेवढंच सिद्ध होत नव्हतं. हे मी त्यांना समजावत राहिले, पण त्यांनी पुन्हा माझ्याकडे पाहिलं नाही. नावाशिवाय त्या झुंबराला फारसा भाव येणार नव्हता, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

या कामात नवी होते तेव्हाची मी अजून माझ्याशी भांडते. ती म्हणते, मुरानोचे कारागीर या भट्टीतून त्या भट्टीत जात, भट्ट्या एकमेकींचे घाट उचलत, मग नावाचा एवढा हट्ट कशाला? लिहायचं होतंस व्हेनिनी. मी तिला सांगते, १९६१च्या तोरिनोच्या प्रदर्शनात व्हेनिनीसाठी काम केलेले वास्तुविशारद कार्लो स्कार्पा यांचं बहुफलकी काचांचं भव्य झुंबर लागलं, आणि आज विक्रेते तसल्या दिसणाऱ्या कुठल्याही झुंबराला स्कार्पांचं नाव लावतात. असंच चालू राहिलं तर त्यांनी खरोखर काय केलं ते कुणाला कळणार? ती विचारते, आणि आजोबांच्या पत्नीचं काय? इथे मी गप्प बसते. कागद मात्र आजही मी तसाच लिहीन.

फोटो पाठवायचेच असतील तर पेटलेल्या झुंबराचे नकोत. वीज बंद करून छताजवळच्या वाटीचा आतला भाग, वायर, होल्डर, स्क्रूची डोकी आणि लोलकांचे चार-पाच आकडे जवळून घेऊन पाठवा. तेवढ्यावरून कधीकधी ‘नाही’ असं ठामपणे सांगता येतं. ‘हो’ म्हणायला मात्र झुंबर उतरवावंच लागतं, आणि उतरवूनही मी ते म्हणेनच असं नाही.