तुम्ही विचारलंत म्हणून: मचूळ पाणी, गहू आणि पोटॅश

प्रश्न ठरलेला असतो. ‘पाणी मचूळ आहे. गव्हाला पोटॅश, म्हणजे पोटॅशियमचं खत, वाढवून दिलं तर निभावेल ना?’ निभावेल, पण कुठवर, ते आधी ऐका.

पाण्याचा ईसी, म्हणजे क्षारांचं माप असलेली विद्युतवाहकता (डेसिसीमेन्स प्रति मीटरमध्ये), ४ असेल तर लिटरमागे साधारण अडीच ग्रॅम क्षार असतात. एकरभर ५ सेंटिमीटर पाणी द्यायचं म्हणजे दोन लाख लिटर. हिशेब करा: एका पाळीत अर्धा टन क्षार शेतात जातो, आणि तोही आपणच सोडतो. त्याच्यापुढे पोटॅशचं एक पोतं ते काय! जमिनीतले क्षार घालवणं हे पोटॅशचं कामच नाही. ते मुळांच्या खाली धुऊन न्यायला जादा पाणी लागतं आणि निचरा लागतो. निचरा नसेल तर खताचा विषय नंतर काढू.

पोटॅशची खरी गरज रोपाच्या आत आहे. सोडियम आणि पोटॅशियम मुळांशी एकाच दारात धक्काबुक्की करतात. पण पन्नासहून जास्त एन्झाइम्स पोटॅशियमवर चालतात, तिथे सोडियमचा उपयोग नाही. म्हणून पानात सोडियम किती, यापेक्षा पोटॅशियमच्या मानाने किती, हे महत्त्वाचं. साधा गहू सोडियमला पानापर्यंत येऊ देत नाही, बन्सीला, म्हणजे रव्या-शेवयांच्या कठीण गव्हाला, ते तितकं जमत नाही. पाणी मचूळ असताना बन्सीचा हट्ट कशाला, हे मला कळत नाही.

खालची पानं बघा. क्षारांचा त्रास असेल तर शेंडा आणि कडा करपतात, मधली शीर हिरवी राहते. पोटॅशच्या कमतरतेतही नेमकं असंच दिसतं, त्यामुळे नुसत्या डोळ्यांनी निदान होत नाही. मातीचा ईसी ६ पर्यंत गहू फारशी कुरकुर करत नाही. त्यापुढे दर युनिटला उत्पादन अंदाजे ७ टक्क्यांनी घटतं. उगवण मात्र याहून नाजूक. थोडंसंच गोडं पाणी मिळत असेल तर ते पेरणीआधी द्या, त्या वापशावर (पेरण्याजोग्या ओलीवर) पेरा, आणि जमलं तर मुकुटमुळं फुटताना, म्हणजे साधारण २१ दिवसांनी, पुन्हा द्या. मचूळ पाणी नंतर.

पोटॅश कोणतं घ्यायचं, म्युरेट (पोटॅशियम क्लोराइड) की सल्फेट (पोटॅशियम सल्फेट)? म्युरेटमध्ये जवळजवळ निम्मं क्लोराइड असतं, म्हणून सल्फेट बरं. तरी अर्ध्या टनाच्या हिशेबात पोत्यातलं वीसेक किलो क्लोराइड म्हणजे किरकोळ. फक्त बियाण्याला चिकटून म्युरेट पडू देऊ नका. रेताड जमिनीत मात्रा विभागून द्या, एकदम दिलेलं वाहून जातं. चिकणमातीत मुळातच पोटॅश भरपूर असू शकतं, तेव्हा माती तपासल्याशिवाय पोतं फोडू नका.

पोटरीच्या सुमारास, म्हणजे ओंबी बाहेर पडण्याआधी, तेरा-शून्य-पंचेचाळीसची (पोटॅशियम नायट्रेटची) एक टक्का फवारणी, म्हणजे लिटरला १० ग्रॅम, मला पटते. मुळांशी चाललेली धक्काबुक्की तेवढी टळते. मात्र टाकीत ते मचूळ पाणी भरू नका, नाहीतर सोडियम थेट पानावरच पडतो.