नाही, काही नव्हतं

झोप येत नाहीये. बुद्धिबळाचा डाव जिंकून आलोय, तरीही.

काळी मोहरी, सुरुवात सिसिलियन ड्रॅगन. सोळाव्या चालीला सी३ वर हत्ती दिला, बदल्यात नुसता घोडा. अण्णा म्हणणारच, पुन्हा तेच! असो.

चाल खेळलो, घड्याळ दाबलं, स्कोअरशीटवर लिहायला पेन टेकवलं आणि तेव्हा दिसलं. समोरच्या पोरानं हत्ती लगेच मारायचाच नाही. आधी एच५ चं प्यादं जी६ वर, एच-फाईल, म्हणजे ती उभी रांग, उघडी, मग वजीर शह देत एच६ वर. जी७ चा उंट आधीच बदलून गेलेला. एच७ राखायला माझा एकटा एफ६ चा घोडा. प्यादं ई५ वर ढकलून त्याला हाकललं की खेळ खलास. मी मान खाली घालून अक्षरं गिरवत बसलो. एक 'सी३' लिहायला किती वेळ लागतो?

तो सतरा मिनिटं बसला. दोनदा एच५ च्या प्याद्याकडे बघितलंन. मग हत्ती मारला, बी-फाईल उघडली, पुढचं सोपं होतं.

इथपर्यंत ठीक. समोरच्याला त्याची चाल कोण सांगतं? पण नंतर अ‍ॅनालिसिसला पट मांडून त्यानं नेमकं तिथंच बोट ठेवलं. "काका, इथं मला काही होतं का?"

मी म्हणालो, "नाही रे. काही नव्हतं."

का म्हणालो? गुण खिशात होता, सह्या झाल्या होत्या. वर्षभर हरतोय, एक डाव देखणा निघाला, तोही डागाळलेला निघू नये, एवढंच ना? नशीबच असलं माझं. १९९५ ला जगज्जेतेपदाच्या लढतीत कास्पारोव्हनं आनंदविरुद्ध याच ड्रॅगननं अकरावा आणि तेरावा डाव जिंकला, त्याला नसेल असलं काही सतावलं.

आणि गंमत अशी की पोरानं घरी जाऊन डाव कॉम्प्युटरच्या बुद्धिबळ इंजिनात घातलाही असेल. दोन सेकंदात कळलं असेल. आता तो मला खोटारडा म्हणेल, नाहीतर म्हणेल काकांना दिसलंच नाही. माझं रेटिंग बघता दिसलंच नाही, असंच म्हणेल. चौदा वर्षांच्या पोरानं आपल्याला कच्चा समजावं म्हणून मी मध्यरात्री देव पाण्यात घालून बसलोय.

उद्या सकाळी नऊला फेरी. पेअरिंग, म्हणजे कोण कोणाशी खेळणार ते, लागलंय. तो शेजारच्याच पटावर आहे.