भूल नको, गुंगी चालेल

गेल्या दिवाळीत मी चकली चहात बुडवून खाल्ली. ऐरोलीच्या वन्संनी पाठवलेली, घरच्या भाजणीची. उजवीकडच्या खालच्या दाढेनं दोन वर्षं असहकार पुकारला होता, सगळं डावीकडून चावणं चालू होतं आणि पर्समध्ये लवंगेच्या तेलाची बाटली. तिच्या वासावरून वागळे इस्टेटमधल्या आमच्या ऑफिसात मी आलेय हे सगळ्यांना कळायचं.

दोन वर्षांपूर्वी एका दवाखान्यात गेले होते, नाव नको. हिरडीत इंजेक्शन दिलं आणि मिनिटभरात छाती अशी धडधडायला लागली, की वाटलं संपलं सगळं. डॉक्टर म्हणाले, "एवढं काय घाबरताय? लहान मुलं बसतात." मी उठले आणि सरळ जिना उतरले. राम मारुती रोडवर आल्यावर लक्षात आलं, गळ्यात तो कागदी बिब तसाच आहे.

यंदा नौपाड्यातल्या नव्या डॉक्टरीणबाईंना खुर्चीत बसायच्या आधीच सांगून टाकलं, "मला पूर्ण भूल द्या."

"कोणाला? दाढेला की तुम्हाला?"

आपल्याकडे सगळ्यालाच भूल म्हणतात, तिथेच घोळ आहे. हिरडी बधिर करणं वेगळं, ऑपरेशनसारखं बेशुद्ध करणं वेगळं आणि या दोन्हींच्या मधली ती गुंगी. गुंगीत माणूस जागा असतो, "आ करा" म्हटलं की आ करतो, फक्त त्याला कशाचं फारसं काही वाटत नाही. दुखू नये म्हणून हिरडीतलं इंजेक्शन मात्र घ्यावंच लागतं. हे ऐकून मी जरा हिरमुसलेच.

गुंगी देण्याच्या प्रकारांपैकी गॅसचा प्रकार मला एकदम पटला होता. नाकावर छोटा मास्क, त्यातून नायट्रस ऑक्साइड आणि ऑक्सिजन. काही मिनिटांत हलकं वाटायला लागतं, शेवटी नुसता ऑक्सिजन दिला की थोड्या वेळात उतरतंही. पण बाईंनी विचारलं, "बी१२ कमी आहे का?" आम्ही पक्के शाकाहारी, गेल्याच वर्षी इंजेक्शनांचा कोर्स झालेला. हा वायू शरीरातलं बी१२ निकामी करतो म्हणे, त्यामुळे माझ्यासारखीला नकोच. त्यात माझं नाक बारा महिने चोंदलेलं. गॅस जाणार कुठून?

रात्री त्या न मिळालेल्या गॅसबद्दल वाचत बसले. १८४४ साली अमेरिकेत हार्टफर्डच्या होरेस वेल्स या दातांच्या डॉक्टरनं हा वायू हुंगून स्वतःचीच दाढ काढून घेतली. पुढच्या वर्षी बॉस्टनला प्रयोग दाखवायला गेला, तर रोगी मध्येच ओरडला आणि लोकांनी वेल्सची हुर्यो उडवली. मला त्या ओरडणाऱ्याबद्दल जास्त आपुलकी वाटली.

शिरेतून औषध देतात त्याला भूलतज्ज्ञ बोलवायचा, उपाशीपोटी यायचं. एका रूट कॅनालला एवढा थाट कशाला? उरली गोळी, डायझेपामची. आदल्या रात्री एक, जायच्या तासभर आधी एक.

त्याआधी चौकशी. थायरॉइडची गोळी चालू आहे, सांगितलं. "घोरता का?" मी म्हणाले, नाही. शेजारी बसलेले आमचे हे म्हणाले, हो. "मध्ये श्वास अडकतो का?" "छे हो, अखंड चालू असतं." श्वास अडकत असेल तर ही औषधं फार जपून देतात, म्हणून तो प्रश्न. शिवाय सोबत माणूस हवाच, त्या दिवशी गाडी चालवायची नाही, महत्त्वाच्या कागदांवर सह्या करायच्या नाहीत. अकाउंट्सवालीला हे सांगावं लागतं!

त्या दिवशी ह्यांना सुट्टी मिळेना, म्हणून वन्सं ऐरोलीहून आल्या. बाईंनी आधी हिरडीला जेल लावलं. मग सुई टोचायच्या आधी म्हणाल्या, "यात अ‍ॅड्रेनॅलिन असतं, बधिरपणा टिकावा म्हणून. दोन-तीन मिनिटं छाती धडधडू शकते. ती औषधानं धडधडते, तुम्हाला काही होत नाहीये. थांबावंसं वाटलं तर डावा हात वर करा."

धडधडली. मी घड्याळाकडे बघत राहिले. थांबली. दोन वर्षांपूर्वी हे एक वाक्य कुणी बोललं असतं तर तो जिना मी उतरलेच नसते.

पुढचं तुकड्यातुकड्यांतच आठवतं. ड्रिलचा आवाज येत होता, पण शेजारच्या बिल्डिंगमध्ये कुणी लाद्या कापत असावं तसा. छतावरच्या ओलीचा आकार रायगड जिल्ह्यासारखा आहे की रत्नागिरी, यावर मी बराच विचार केला. हात एकदाही वर गेला नाही.

रिक्षातलं मात्र मला काहीच आठवत नाही. वन्संना सगळं आठवतं. नितीन कंपनीच्या सिग्नलला मी त्यांचा हात हातात घेऊन म्हणाले म्हणे, "वन्सं, खरं सांगू? तुमच्या चकल्या दाढ चांगली होती तेव्हाही चावत नव्हत्या."

दुसऱ्या सिटिंगलाही गोळी घेतली. सोबत भावाला नेलं.