तुम्ही विचारलंत म्हणून : तो बरा झाला, मग ती अजून का नाही?

मेंदूला इजा झालेल्या प्रौढांच्या पुनर्वसनाचे काम मी करते आणि रुग्णांचे नातेवाईक मला एक प्रश्न हमखास विचारतात : दोघे एकाच गाडीत होते, दोघांचाही सीटी स्कॅन नॉर्मल आला, तो महिन्याभरात कामाला लागला, मग हिचेच डोके अजून कसे दुखते? ही उगाच बाऊ तर करत नाही ना, अशी शंका त्यामागे बहुतेकदा असते.

सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव दिसतो, कवटीचे मोडलेले हाड दिसते. धक्क्याने ताणले गेलेले चेतातंतू दिसत नाहीत. ‘सौम्य इजा’ या शब्दानेही फसगत होते, कारण ग्लासगो कोमा स्केलवरचे १३ ते १५ गुण तपासणीच्या वेळी रुग्ण कितपत शुद्धीवर होता एवढेच सांगतात, पुढचे सहा महिने कसे जातील ते नाही.

बाऊ करण्याच्या शंकेला माझ्या मते सर्वांत चोख उत्तर मेंदूच्या इजेवरच्या ट्रॅक-टीबीआय या अमेरिकेतल्या अभ्यासाने दिले आहे. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार सौम्य इजेनंतर स्त्रियांचा शारीरिक आणि स्मरण-एकाग्रतेचा त्रास पुरुषांपेक्षा अधिक टिकून राहिला. मात्र तुलनेसाठी घेतलेल्या, केवळ हाडे-सांधे दुखावलेल्या रुग्णांत असा फरक आढळला नाही. स्त्रिया मुळातच जास्त कुरकुरत असत्या, तर तो तिथेही दिसायला हवा होता.

फरक कशामुळे, याचा एक धागा पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या २०१८ च्या प्रयोगांत सापडतो : स्त्रियांच्या चेतापेशींचे तंतू अधिक बारीक असतात, त्यांना आतून आधार देणाऱ्या सूक्ष्मनलिका कमी असतात आणि सारख्याच ताणाने त्यांना अधिक इजा होते. संप्रेरकांबाबत मात्र मी जपून बोलते. प्राण्यांवरच्या प्रयोगांत प्रोजेस्टेरॉन या स्त्री-संप्रेरकाने मोठी आशा दाखवली होती. पण मध्यम ते गंभीर इजेच्या रुग्णांवरच्या दोन मोठ्या चाचण्यांत त्याचा उपयोग झाला नाही, हे २०१४ मध्ये स्पष्ट झाले.

आता ‘तो बरा झाला’ याविषयी. डोक्याला मार लागून रुग्णालयात येणाऱ्यांत पुरुष अधिक असतात, पण ते सांगतात कमी. आमच्याकडे सोळा लक्षणांची एक प्रश्नावली भरून घेतात. चिडचिड, विसराळूपणा, झोप, सगळीकडे शून्य, शून्य असे ठामपणे लिहिणारा एक गृहस्थ मला आठवतो; त्याच्या खुर्चीमागे उभी असलेली पत्नी प्रत्येक शून्यागणिक नकारार्थी मान हलवत होती. तोही बरा झाला नव्हता, फक्त कामावर जात होता.

याच कारणाने मी दोघांनाही एकेकटे बसवून विचारते, आणि स्त्रियांच्या बाबतीत त्याला दुसरेही कारण आहे. ‘घरात कोणी मारते का’ या प्रश्नाला बहुधा ‘नाही’ असेच उत्तर येते. ‘कधी डोके भिंतीवर आपटले गेले, गळा आवळला गेला, डोळ्यांपुढे अंधारी आली’ असे नेमके विचारले, तर काही जणी बराच वेळ गप्प राहून बोलू लागतात. केसपेपरवर ‘पडून मार’ एवढेच लिहिलेले असते, आणि आपण ज्याला पहिला मार समजत होतो तो कितवा होता, हे तेव्हा कळते.