पंचखाद्याचा रविवार

गणपतीच्या आधीचा रविवार म्हणजे सांगली जिल्ह्यातल्या तासगावात आमच्या गल्लीचा पंचखाद्याचा रविवार. मंडळाच्या वहीत त्याची नोंद कधी झाली नाही. पण मांडवाचा पहिला वासा उभा राहायच्या आत बायकांचं हे काम उरकलेलं असायचं, आणि उत्सव खरा तिथूनच लागायचा असं मी आजही मानते.

खोबरं, खारीक, खसखस, खडीसाखर आणि खिसमिस. पाच ख, म्हणून पंचखाद्य. कुठे खिसमिसाऐवजी खजूर घालतात, कुठे वरून बदामही. तासगावात मात्र बेदाण्याची जागा दुसऱ्या कुणाला देणं कुणाच्या मनातही यायचं नाही. उन्हाळ्याच्या तोंडाला गावाभोवतीच्या शेडमध्ये जाळ्यांवर द्राक्षं वाळत असतात. चार किलो द्राक्षांचा साधारण किलोभर बेदाणा होतो, आणि त्यातला निवडक हिरवा लांबट माल प्रत्येक घरात गणपतीसाठी डब्यात बाजूला काढलेला असतो. बेदाणा पावशेर-पावशेर विकत आणायचा असतो हे मला लग्न होऊन पुण्यात आल्यावर कळलं. 2016 साली सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन मिळालं, ती बातमी मी आईला फोनवर वाचून दाखवली. ती म्हणाली, "आपल्याला म्हाईतच होतं की."

ज्या घरात जे असेल ते आणायचं, एवढाच नियम. बागवाल्यांनी बेदाणा, दुकानवाल्या मामींनी खडीसाखर, कुणी खोबऱ्याच्या वाट्या, कुणी गूळ, कुणी घरचं तूप. ज्यांना काही आणणं जमायचं नाही त्या किसायला बसायच्या, आणि तो वाटा सगळ्यात मोठा धरला जायचा. तीन-तीन किलो खोबरं किसून बघा, म्हणजे कळेल. आधी पाठीची काळी साल खरवडून काढायची, मग कीस. संध्याकाळपर्यंत अंगठ्याला सोललं नाही अशी बाई सापडायची नाही.

खारकेचं दुखणं वेगळंच. पावसाळ्यात ती सादळते, आणि सादळलेली खारीक कुटायला गेलं तर खलबत्त्याला चिकटून बसते. मग बिया काढलेले तुकडे कोमट तव्यावर तासभर परतत राहायचं, दातांखाली कट्ट वाजेपर्यंत. ही पारख आम्हा पोरींकडे असे, त्यामुळे निम्मी खारीक पारखण्यातच संपायची. खसखस मंद आचेवर, तडतडायला लागली की लगेच उतरवायची. खोबऱ्याचा कीस गुलाबीसर झाला की पुरे. मग तो हातानं चुरायचा. त्याला सुटलेलं तेल आणि खसखशीचा वास मिळून जो काही दरवळ उठतो, तो मला अजून दुसऱ्या कशात सापडलेला नाही.

कोरडं पंचखाद्य बहुतेक घरी होतं. आमच्या गल्लीची खासियत म्हणजे त्याच्या वड्या. त्यासाठी गुळाचा पाक लागतो, आणि पाक आला की सगळ्यांचे डोळे आक्कांकडे वळायचे.

आक्का आमच्या शेजारच्या. तरुणपणीच नवरा गेलेला. त्या काळी हळदीकुंकवाला त्या दाराआडून बघायच्या, आरतीचं तबक त्यांच्या हाती कुणी दिलं नाही. ते आठवलं की मला आजही वाईट वाटतं. पण या रविवारी कढईपुढचा पाट त्यांचा. तुपात गूळ विरघळला, बुडबुडे मोठे व्हायला लागले की त्या वाटीभर गार पाण्यात पाकाचा थेंब सोडायच्या आणि बोटांनी चाचपायच्या. थेंब पसरला तर कच्चा, खडा झाला तर गेला. मऊ गोळी जमून बोटांत दबली पाहिजे. आक्का डोळे मिटून गोळी दाबायच्या. तेवढा वेळ वीस बायका गप्प.

एके वर्षी आक्का परगावी होत्या आणि घाईघाईत खडीसाखर गरम पाकातच पडली. सगळी विरघळली, मिश्रण आसट झालं, वडी काही पडेना. गल्लीतल्या जिजी रडवेल्या झाल्या. शेवटी तुपाचा हात लावून सगळ्याचे लाडू वळले. आक्का परत आल्यावर एक लाडू खाऊन म्हणाल्या, "गोड झाल्यात की! पण खडीसाखर दाताखाली यायला पायजे. पाक निवला की मग घालायची, बेदाण्याबरोबर." बेदाणाही शेवटीच, कारण कढत पाकात तो आधी फुगतो आणि मग चिवट होतो.

तुपाचा हात फिरवलेल्या परातीत मिश्रण ओतायचं, वाटीच्या बुडानं थापायचं, ऊन असतानाच शंकरपाळ्यासारखे काप द्यायचे. पहिल्या एकवीस वड्या देवाच्या. बाकीच्या रथाच्या दिवसासाठी.

तासगावच्या गणपतीचा मुक्काम दीड दिवसाचा. परशुरामभाऊ पटवर्धनांनी बांधलेल्या त्या सात मजली गोपुराच्या देवळापुढून ऋषिपंचमीला रथ निघतो आणि जाड दोर हजारो हात ओढतात. गुलालानं रस्ता लाल होतो. आसपासच्या गावांतून आलेल्या, दोर ओढून दमलेल्या माणसांच्या हातावर आम्ही पोरी ओट्यावरून वड्या ठेवायचो. हात गुलालाचे, त्यामुळे वडीही गुलाबी व्हायची. तशीच तोंडात जायची.

2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला. नदीकाठची पाहुणेमंडळी त्या वेळी घराघरांत उतरलेली होती. त्या वर्षी वड्या तिप्पट केल्या आणि डबे भरून परत जाणाऱ्यांच्या सामानात ठेवले. पुढच्या वर्षी करोना. तो रविवार सगळ्यांनी आपापल्या स्वयंपाकघरात काढला.

नंतर पुन्हा जमलो तेव्हा गॅसची शेगडी होती, खारकेला मिक्सर होता. आक्का मात्र नव्हत्या. गुडघ्यांनी त्यांना अंथरुणाला खिळवलं होतं. पाकाला बुडबुडे आले आणि सगळ्याजणी एकमेकींकडे बघायला लागल्या. मी थेंब सोडला, बोटांनी चाचपला. मला वाटलं, झाला. पण वाटलं म्हणजे काय?

कढई खाली उतरवली, वाटी उचलली आणि गल्लीतून निघाले, पाणी हिंदकळू नये म्हणून वर तळहात धरून. आक्का खाटेवर उठून बसल्या. गार पाण्यात दोन बोटं घातली, डोळे मिटले. मी दारातच उभी.

"आजून एक उकळी," त्या म्हणाल्या. "पळ."